फितीएवढी पायरी

ताईच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही, हे त्याला बसच्या पायरीवर आठवलं. तसं तो ते विसरला कधीच नव्हता. चार वर्षं ते पत्र त्याच्या अंगात कुठेतरी होतं, हवा बदलली की जाणवणाऱ्या जुन्या दुखण्यासारखं. पण त्या सकाळी बसस्टॉपवर त्याने उजवा पाय उचलला आणि तो पायरीपर्यंत पोचलाच नाही. बुटाचं टोक लोखंडी कडेवर आपटलं, हातातली पिशवी घसरली, मागचा माणूस पाठीवर आला. पाय उचलायचा हुकूम डोक्यातून सुटला होता, यात शंका नव्हती. वाटेत कुणीतरी तो अर्धाच पोचवला. "आजोबा, पाय उचला की," कंडक्टर म्हणाला. "गाडी काही खाली बसणार नाही तुमच्यासाठी." दोघं-तिघं हसले. वाईट हसले नाहीत. तो बाजूला झाला, लोकांना चढू दिलं, आणि बस गेल्यावर तिथेच उभा राहून आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला. म्हणजे हे असं असतं तर, त्याच्या मनात आलं. ताई तेव्हा हेच लिहीत होती.

त्या दिवशी तो जिथे निघाला होता तिथे गेलाच नाही. घरी येऊन त्याने कपाटातलं एक जाड पुस्तक काढलं आणि मधोमध उघडलं. तिथे ती फीत होती. पांढरी, सुती, परकराला असते तसली, आठ इंच. दोन्ही टोकं तिरकी कापलेली, सुटू नयेत म्हणून. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवलेल्या बाईने कापलेली. पत्र फितीखालीच होतं आणि ते वाचायची त्याला गरज नव्हती. "ढापण्या," तिने लिहिलं होतं, कारण वयाच्या सातव्या वर्षी चष्मा लागल्यापासून तिच्या लेखी त्याला दुसरं नाव उरलंच नव्हतं. "तू मोटरहोम घेतलंस हे वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. मला धरणाच्या तळ्यावर नेणार म्हणतोस. तिथे आता ना आपली वसाहत, ना एक खोली, मग गाडीतच राहायचं हे खरं. पडून जाता येईल हेही खरं. पण माझा गुडघा वाकत नाही. स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला धरून उभी राहिले आणि पाय जेवढा उचलला गेला तेवढी फीत कापली. आकडा लिहिला असता तर तू त्याला तळटीप जोडली असतीस. तुझ्या गाडीची पायरी एवढी असेल तर येते. नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. पण कळव."

कचेरीत त्याला 'तळटीप' म्हणत, हे त्यानेच कधीतरी तिला सांगितलं होतं. एका प्रकाशनसंस्थेत चौतीस वर्षं तो पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची करत होता. कुठला शब्द कुठल्या पानावर. लोक पुस्तक लिहीत, छापत, विकत. तो ते वाचणाऱ्यांत शेवटून पहिला. सूची कुणी केली हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट सुरक्षित वाटायचं. बोलताना आवाज खाली, वाक्य अर्धं, आणि अर्ध्या वाक्यालाही 'म्हणजे तसंच असेल असं नाही' अशी शेपटी. त्या माणसाने निवृत्तीच्या महिन्यात वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून एक जुनं मोटरहोम विकत घेतलं होतं. आयुष्यातली त्याची एवढी एकच उडी. घेतलं, छापखान्यामागच्या कागदाच्या रिकाम्या गोदामात उभं केलं, आणि त्याच संध्याकाळी ताईला चार पानी पत्र लिहून टाकलं, ज्यात बढाईचा सूर होता. तिचं उत्तर आलं तेव्हा तो फीत घेऊन गोदामात गेला, गुडघ्यांवर बसला आणि जमिनीपासून पायरीपर्यंत लावून बघितली. एकदा. मग तिच्या वर पुन्हा एकदा. आणि वर आणखी एक इंच उरलाच. सतरा इंच.

नाही लिहायला त्याला धीर नव्हता आणि हो लिहिणं खोटं ठरलं असतं. पायरी बसवून घेतो आणि मग हो लिहितो, असं त्याने ठरवलं. पायरीआधी छप्पर गळतंय ते बघायला हवं होतं, छपराआधी जमीन. तो आठवडा गेला, महिना गेला. मग उशिराबद्दल काय लिहायचं हा नवा प्रश्न उभा राहिला आणि तो जुन्या प्रश्नाहून मोठा झाला. त्याने उत्तरं लिहिली नाहीत असं नाही. लिहिली, आणि एकेक पुस्तकात ठेवून दिली. ताईने पुन्हा लिहिलं नाही. तिची ती रीतच होती. एकदा विचारायचं.

गोदामाचं कुलूप उघडायला त्याला दगडाने ठोकावं लागलं. गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. तो आत गेला आणि तिसऱ्या पावलाला डावा पाय घोट्यापर्यंत जमिनीत गेला. लाकूड मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, इतकं ते कुजलेलं होतं. छताच्या प्लायवुडला पोट सुटलं होतं. उंदरांनी गाडीची माहितीपुस्तिका कुरतडून गादीखाली घर केलं होतं. पाय भोकात, हात ओट्यावर, अशा अवस्थेत तो थोडा वेळ उभा राहिला आणि नेहमीचा विचार यायची वाट बघू लागला: हे आपलं काम नाही. विचार आला. आला आणि दारात उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याने त्याला आत घेतलं नाही. पाय काढला, खाली उतरला आणि शेजारच्या गॅरेजमध्ये गेला.

मेकॅनिक सुकलेल्या अंगाचा, पन्नाशीचा, कानामागे कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली, खाली वाकून बघितलं. "काका, ही भंगारात द्यायची की रस्त्यावर आणायची?"

"रस्त्यावर. म्हणजे, जमलं तर."

"जमलं तर नाही. हो का नाही ते बोला. अर्धवट कामाची गाडी मी हातात घेत नाही."

"हो," तो म्हणाला, आणि शब्दाला शेपटी लागू नये म्हणून दात मिटून घेतले.

इंजिन, ब्रेक आणि तारा मेकॅनिककडे. बाकी सगळं आपण, असं ठरलं. पुढचे पाच महिने तो रोज सकाळी डबा घेऊन गोदामात जाऊ लागला, कचेरीत जायचा त्याच वेळी. जमीन उपटली, तुकडे पोत्यात भरले. भिंतींच्या पातळ फळ्या एकेक सोडवताना प्रत्येकीच्या मागे त्याने पेन्सिलीने क्रमांक घातला. एका फळीच्या आतल्या बाजूला आधीच कुणीतरी लिहिलेलं सापडलं: बाण आणि 'वर'. कुठल्या तरी कारखान्यातल्या कामगाराचं अक्षर. तोही कुठे नोंदलेला नाही, त्याला वाटलं, आणि ती फळी त्याने बदलायची असूनही घासून, सुकवून परत लावली. छतावर पोटावर झोपून त्याने सांध्यांतलं जुनं, चिवट सीलंट खरवडलं. गोदामाच्या फुटक्या छपरातून येणाऱ्या उन्हाने पत्रा तापलेला, छातीखाली धडधड, पत्र्याची की आपली ते कळू नये अशी. खरवडताना नखात काळं भरायचं आणि त्याला धरणाकाठची वसाहत आठवायची. वडील तिथे पाण्याची पातळी नोंदवायला होते. रोज सकाळी खांबावरच्या खुणा वाचून वहीत आकडा लिहायचा, हेच काम. घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरावर माळा, माळ्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे. शिडी मोडलेली. तो सात-आठ वर्षांचा, ताई पंधराची. ती माळ्याखाली उभी राहायची, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून त्यांची पायरी करायची आणि म्हणायची, चढ. तो बुटासकट चढायचा. छाती माळ्याच्या कडेला टेकवायचा, पण वर जायचा नाही. वर अंधार असायचा. तिथेच, तिच्या हातांवर उभा राहून, वाचत राहायचा. "झालं का रे?" खालून. "एकच पान." "मघाशीही एकच पान होतं." तिचे हात थरथरायला लागले की त्याला पायाखाली ते कळायचं. कळूनही तो पान उलटायचा. आज साठ वर्षांनी पत्र्यावर पालथं पडून त्याला आपल्या तळव्याखाली ती थरथर जशीच्या तशी जाणवली, आणि त्याने खरवडणी इतक्या जोरात दाबली की पत्र्यावर ओरखडा उठला.

काम पुढे सरकत होतं. जमिनीला नवं प्लायवुड बसलं. पलंग त्याने तिच्यासाठी बेतला. टेकून बसलं तरी गुडघा सरळ राहील एवढी रुंदी. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पडदे स्वतः शिवले, आणि टाके बघून ती काय म्हणेल ते ऐकूही आलं. मग पायरीचा प्रश्न. आतली दुसरी पायरी आधीच बुटकी होती, भानगड फक्त पहिलीची. सतरा इंचांच्या मध्ये एक नवी पायरी टाकली आणि वरचा टप्पा आठ ठेवला, तर खालचा नऊ. एक इंच जास्त. त्या एका इंचाचा तो दोन दिवस विचार करत होता. गॅरेजपलीकडे एक बाई फाटकांचं, जाळ्यांचं वेल्डिंग करायची. तिने लोखंडाची मधली पायरी बनवून दिली आणि म्हणाली, "एका इंचाने कुणी पडत नाही, काका."

"तिने फीत पाठवलीय," तो म्हणाला. यापेक्षा जास्त सांगायला त्याला जमलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने पुस्तकं आणली. दाराच्या बाजूच्या भिंतीला त्याने पुढपासून मागपर्यंत कपाट केलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत; आणि त्यात चौतीस वर्षांत ज्यांच्या सूची केल्या ती सगळी पुस्तकं लावली. प्रवासाला निघताना माणूस आपली माणसं बरोबर घेतो, तशी. दिवसभर खोकी उचलली. संध्याकाळी उगाचच खाली बसून त्याने फीत पायरीला लावली आणि ती चपखल बसली. वरच्या टप्प्यालाही लावली. तिथेही. आठ आणि आठ. तो हिशोबी माणूस, चमत्कार मानणारा नव्हे, पण गोदामात एकटा असताना त्याने तो मानला. पुस्तकांनी तिच्यासाठी मान खाली घातली, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. घरी जाऊन त्याने एका बैठकीत पत्र लिहिलं. "पायरी तुझ्या फितीएवढीच आहे. ये." पाकीट बंद केलं, पत्ता घातला, खिशात ठेवलं.

ते टाकायच्या आधी सकाळी गोदामात गेला, तर मेकॅनिक गाडीच्या मागे डोळे बारीक करून उभा होता. "काका, गाडी लंगडतेय."

"म्हणजे?"

"डाव्या अंगावर बसलीय. स्प्रिंगचे पाटे दमलेत आणि तुम्ही त्याच बाजूला भिंत उभी केलीत. काय भरलंय, विटा?"

"पुस्तकं."

"एकाच बाजूला?"

"कपाट तिकडेच बसत होतं." मग, कारण लपवणं बरं नव्हे: "आणि पायरी बरोबर आली."

मेकॅनिक हसला नाही, त्याचं त्याला जास्त लागलं. लाकडाच्या वखारीत वजनकाटा होता. तिथे आधी सगळी गाडी चढवली, मग फक्त डावी चाकं. काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला, पुन्हा वाचला. तीन माणसं डावीकडच्या दाराला लटकून प्रवास करतायत एवढा फरक. "पायरी बरोबर यावी म्हणून गाडी वाकडी चालवायची?" परतताना मेकॅनिक म्हणाला. "घाटात, वळणावर ब्रेक लावलात तर आडवी होईल. आत म्हातारं माणूस झोपलेलं असणार ना तुमचं?" त्याला आपले कान गरम झालेले कळले. पुस्तकं उतरवायला हवीत, पाटे नवे घालायला हवेत. दोन्हींनी गाडी वर उठणार. जी जी दुरुस्ती करावी ती पायरीला तिच्यापासून लांब नेत होती.

खिशातलं पाकीट त्या दिवशी त्याला फार जड झालं. पोस्टाची पेटी वाटेतच होती. टाकावं, आणि मग पायरीचं बघावं. ती यायला तरी आठवडा लागेलच. किंवा टाकू नये. ते कपाटातल्या एखाद्या पुस्तकात ठेवावं, पान दोनशे तीनच्या आसपास, जिथे आधीची सगळी उत्तरं होती. तिथे ते किती शांतपणे बसलं असतं. तो पेटीसमोर उभा राहिला आणि त्याला उमगलं की चार वर्षांपूर्वीही तो नेमका इथेच उभा होता, फक्त पेटीसमोर नव्हे तर आपल्या टेबलाशी; आणि तेव्हा वळून गेला होता ते नाही म्हणायच्या भीतीने नाही. तिला आपलं काही अपुरं दिसू नये म्हणून. जिच्या हातांवर बुटासकट उभा राहिलो तिच्यापासून आपली सतरा इंचांची अडचण लपवली. त्याने तिथेच पाकीट फाडलं. पत्राचे चार तुकडे केले आणि खिशात घातले, रस्त्यावर टाकणं बरोबर दिसलं नसतं. मग पहिल्यांदा भाच्याला, ताईच्या मुलाला, फोन केला.

"मामा? बोला. सगळं ठीक ना?"

"ठीक. ताई कशी आहे?"

"आहे. वॉकर घेते आता. तुम्ही स्वतःहून फोन केलात, म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवलाय का बघायला हवं."

"ती गाडीबद्दल काही..."

"छे. नाव काढत नाही. पण एक करते. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते आणि पाय उचलून चौकटीवर पेन्सिलीने खूण करते. दर दोन-तीन महिन्यांनी. रंग द्यायचा होता तर पुसू देईना. कशाच्या खुणा विचारलं तर म्हणते, पाण्याच्या."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "सगळ्यात खालची खूण केवढी आहे?"

"एवढी," भाचा म्हणाला, आणि फोनवर हात दिसत नाही हे दोघांच्याही जरा उशिराच लक्षात आलं. "सहा इंच असेल. मोजलेली नाही हो. थांबा, आईला विचारू?"

"नको. तिला विचारू नको. मी लिहितो तिला."

"मागे मी फोन केला तेव्हाही लिहिणार होतात," भाचा म्हणाला. टोमणा मारला आहे असं आवाजावरून वाटलं नाही, म्हणून तो खोलवर गेला.

पुस्तकं उतरवायला तीन दिवस लागले. गोदामात कागदाची जुनी मांडणी होती, तिच्यावर ती लावली. उतरवताना त्याने एकही उघडलं नाही, स्वतःला तो ओळखून होता. एकच बरोबर ठेवलं, ज्यात फीत होती ते; आणि कपाटाच्या फळ्या सोडवून त्यांतल्या चांगल्या फळ्यांची तिच्या पलंगाला कड केली, वळणावर घरंगळू नये म्हणून. नवे पाटे बसले. गाडी उठून उभी राहिली, चारी पायांवर, आणि तिची मूळची पहिली पायरी वीस इंचांवर गेली. तो वेल्डिंगच्या बाईकडे गेला.

"मधली काढून तिथे दोन घडीच्या टाकू," ती म्हणाली. "पावणेसात-पावणेसात येतात. फितीत बसतं की."

"तीन टाका. पाच-पाच."

"चार टप्पे? तो जिना झाला, काका. मोटरहोमला जिना लावल्याचं ऐकलंय का कुणी?"

"फीत चार वर्षांपूर्वीची आहे."

बाईने डोळ्यांवरची काच वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. "आधी सांगायचं नाही होय," ती म्हणाली. मग तिने कामावरचं फाटक बाजूला सारलं. तीन पायऱ्या एकीखाली एक घडी होऊन गाडीच्या पोटात सरकतील अशी चौकट तिने केली. पावलाला पकड यावी म्हणून प्रत्येकीवर आडव्या पट्ट्या जोडल्या. एक बिजागरी तिला पटली नाही, ती कापून पुन्हा लावली. तो बाजूला उभा राहून ठिणग्यांकडे पाठ करून मोजत होता.

चाचणी त्याने स्वतःवर घेतली. उजव्या पायाच्या मागे मांडीपासून पोटरीपर्यंत कपाटाची एक उरलेली फळी लावली आणि दोन पट्ट्यांनी आवळून बांधली, गुडघा वाकूच नये म्हणून. मेकॅनिक आणि बाई दोघं हातातलं काम टाकून बघायला आले.

"पडलात तर वेल्डिंग माझं नव्हतं," बाई म्हणाली.

"पडले तर पुस्तकांवर पडतील, सवय आहे त्यांना," मेकॅनिक म्हणाला.

त्याने दांडा धरला. ताठ पाय बाजूने फिरवून पहिल्या पायरीवर ठेवला. बसला. दुसरा पाय त्याच्याजवळ आणला. दुसरी पायरी. तिसरीवर त्याला घाम आला, आणि तळव्याखालचं लोखंड थरथरतंय का हे तो थांबून ऐकत राहिला. थरथरत नव्हतं. आपलंच वजन होतं आणि ते लोखंडाने घेतलं होतं. चौथी. मग आतली. तो गाडीत उभा होता. "उतरून दाखवा आता," बाई खालून म्हणाली. "चढणारे पुष्कळ बघितलेत." तो उतरला. मग पुन्हा चढला. बाई निघून गेल्यावर आणखी तीनदा.

घरी आल्यावर त्याने जुन्या फितीसारखीच आणून ठेवलेली फीत काढली आणि पाच इंच मापून कापली. टोकं तिरकी कापायचा प्रयत्न केला, एक साधलं, एक नाही. ते तसंच ठेवलं. कागद घेतला. कारणं लिहायला बसला तर ती सूचीसारखी एकाखाली एक उभी राहिली, आणि कुठल्याच शब्दासमोर पान नव्हतं. ती त्याने खोडली. एवढंच राहिलं:

"ताई, तुझ्या पत्राला चार वर्षं उत्तर दिलं नाही. तेव्हा पायरी सतरा इंच होती आणि ते सांगायची मला लाज वाटली. आता ती सोबतच्या फितीएवढी आहे. गाडी रिकामी असताना मापली आहे. आपण दोघं बसलो की कमीच भरेल. तुझी फीत परत पाठवत नाही, ती मला लागते. पडदे मी शिवले आहेत, त्यावर काही बोलू नकोस. तुझ्या उत्तराची वाट बघायचा हक्क मला नाही, म्हणून बघत नाही. पुढच्या सोमवारी सकाळी गाडी घेऊन तुझ्या दाराशी येतो. चढायचं की नाही ते पायरी बघून ठरव. नाही म्हणालीस तर रागावणार नाही. ढापण्या."

खाली तळटीप लिहायला पेन आपोआप टेकलं होतं. तो ते उचलून उभा राहिला, पाकीट चिकटवलं आणि चप्पल घालून तसाच निघाला, पुन्हा वाचायला न थांबता. फितीमुळे पाकीट मधोमध जरा फुगलं होतं. पेटीशी त्याच्या पुढे एक माणूस होता, तो आपलं काहीतरी टाकून गेला. मग त्याची पाळी आली. पेटीच्या तोंडात पाकीट अडलं. त्याने ते अंगठ्याने दाबून सपाट केलं, हात मनगटापर्यंत आत घातला आणि बोटं सोडली. खाली, इतर पत्रांवर, ते पडल्याचं त्याला ऐकू आलं.